मोरीतल्या मुंग्या

मंद्रूप,
ता. ९ सप्टेंबर १९२८

ती. रुद्रप्पाअण्णांस धाकट्या महादेवीचे शरणार्थ. सिद्धरामेश्वर सगळ्यांना सुखात ठेवो.

पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नका. रागावलात तरी इथवर ऐकू येत नाही, मला मंद्रूपला दिल्याचा एवढा तरी फायदा झाला.

सासरे बरे आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पायाची जखम भरत नव्हती आणि ते मोरीतून उठले की मागे मुंग्यांची रांग लागायची. तुम्ही पाहुणे म्हणून आला होता, मोरीत डोकावलात आणि मधुमेह म्हणालात. तेव्हापासून तुमच्या तरवडाच्या फुलांचा काढा रोज सकाळी घेतात. जखम भरली, मोरीत मुंगी दिसत नाही, आणि काठी न घेता वळसंगच्या सोयऱ्यांकडे जाऊन येतात. सगळ्या गावाला सांगतात, "आमच्या सुनंचा भाऊ सोलापुरात काष्ठौषधीवाला हाय. मेलेलं उटवंल त्यो." मला ऐकून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

आता खरं लिहायचं ते लिहिते. माझी ईरी श्रावणापासून पाणी फार पिते. भाकरी खाते मोठ्या माणसाएवढी, पण हाडं वर आली आहेत. परकराची नाडी दोनदा आवळून बांधली. परवा ती मोरीतून आली आणि मी भांडी घासायला गेले, तर तिथे मुंग्या. तशाच, सासऱ्यांच्या वेळच्या. मी पायाने पाणी ओढलं आणि कुणाला बोलले नाही.

घरात औषध आहे म्हणून मी घाबरले नाही. चौदा वर्षांच्या पोरीला किती फुलं घालायची तेवढं कळवा. आणि अण्णा, वहिनींना व तुमच्या मल्लप्पाला यातलं काही कळू देऊ नका. वैशाखात ती तुमच्या घरी सून म्हणून यायची आहे. बरी होऊन येईल.

आपली,
महादेवी

•

शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. १२ सप्टेंबर १९२८

चि. सौ. महादेवीस रुद्रप्पाचा आशीर्वाद.

तुझं पत्र दुकानातच फोडलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला शिकेकाईच्या जागी रिठे बांधून दिले. तो भांडायला परत आला तेव्हा कळलं.

तरवडाबद्दल मला कुणी शिकवू नये हे तुला माहीत आहे. साल, पान, फूल, शेंग, मूळ, पाचही अंगं तुरट. कातडी कमावणारे त्याच्या सालीत कातडं भिजवतात आणि ते आवळून येतं. शरीरातून वाहून जाणारं तो तसंच आवळून धरतो, हे मी गादीवर बसून शंभर लोकांना ऐकवलं आहे. तुझ्या सासऱ्यांना तो लागू पडला यात शंका नाही. पण महादेवी, त्यांच्यावरून ईरीचं ठरवू नको.

चौकातल्या ज्या डॉक्टरांशी मी एरवी वाद घालत असतो, त्यांच्याकडे काल मी आपण होऊन गेलो. ते म्हणाले, जठराच्या मागे एक ग्रंथी असते, तिचा रस पाझरतो म्हणून खाल्लेली साखर अंगी लागते. म्हातारपणी ती सुस्तावते, आणि सुस्तावलेल्याला हलवायला तुमचा झाडपाला उपयोगी पडत असेल, मी नाही म्हणत नाही. पोरांत ती पार आटलेली असते. "रुद्रप्पा, कोरड्या विहिरीवर मोट धरली तर वर काय येणार?" त्यांच्यापुढे गप्प बसायची माझी ही पहिलीच वेळ.

औषध एकच आहे, मुंबईहून येतं, इन्शुलिन म्हणतात. रोज दोन वेळा सुईने टोचायचं, जन्मभर. कशापासून करतात ते विचारू नको. त्यानेही पोर खडखडीत बरी होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, जगेल असं म्हणतात. सुईशिवाय मात्र दिवाळी दिसेल की नाही याचीच त्यांना शंका आहे. मी हे लिहिणार नव्हतो, पण गोड लिहिलं तर तू तिथेच बसून राहशील.

तिला घेऊन ये, ताबडतोब. लग्नाचं आता मनातून काढून टाक. आधी पोर.

तुझा,
अण्णा

•

मंद्रूप,
ता. २० सप्टेंबर १९२८

रा. रा. रुद्रप्पा यांस मंद्रूपहून नमस्कार.

पत्र पोचलं. मी ते मोठ्याने वाचत होते, सवयच तशी आहे, आणि घरातले सगळे बसले होते. लग्नाच्या ओळीपाशी थांबले, पण तोवर वाचून झालं होतं. ईरी उठून आत गेली.

लग्न मनातून काढून टाक, असं तुम्ही लिहिलंत. ती पाळण्यात असताना तुम्हीच तिच्या हातावर साखर ठेवली होती आणि "ही माझ्या मल्लप्पाची" म्हणाला होता. वहिनींना नको असेल तर तसं सरळ कळवायचं होतं, डॉक्टरांचा आडोसा कशाला? सोलापुरात नेऊन रोज दोन वेळा पोरीला सुई टोचायची, पेठेतल्या शेजारणींनी ते बघायचं, आणि मग तुम्ही म्हणायचं की पोर रोगी निघाली, आमचा इलाज चालला नाही. मामाने सोडलेल्या पोरीला दुसरं कोण विचारतो?

शिवाय यांनी इथे आलेल्या कंपाउंडरला विचारलं. ते औषध बैलाच्या पोटातून काढतात म्हणे. हे म्हणाले, "गळ्यात लिंग आन् अंगात बैलाचं? त्यापरीस मेलेलं काय वाईट?" रागात बोलले. पण बोलले ते मलाही पटलं.

ज्या झाडाने सासरे उठले ते नातीला चालत नाही, हे मला तुमच्याकडून ऐकावं लागतंय. लहानपणी वडील आजारी पडले की तुम्ही मला घेऊन माळावर जायचात आणि त्या पिवळ्या फुलांकडे बोट दाखवायचात. मी काही दुसरीकडे शिकलेली नाही. मी काढा सुरू केला आहे. गोड आणि भात बंद केला.

महादेवी

•

शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. २५ सप्टेंबर १९२८

महादेवी, "रा. रा." कुणाला लिहितेस गं? मी अजून जिवंत आहे आणि तुझा भाऊच आहे.

तू त्या ओळीचा असा अर्थ लावशील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मुहूर्त, बस्ता, जेवणावळी यांची काळजी करू नको, इतकंच मला म्हणायचं होतं. नातं मोडायचं माझ्या मनात आलं असेल तर मला सिद्धरामेश्वराच्या तळ्यात ढकल. गुरम्माला मी सगळं सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, तरी सांगितलं. तुझी वहिनी काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहितो: "पोरीला आदी हितं आना की. लगीन काय पळून जातंय व्हय? सुई टोचायला मी शिकंन." मल्लप्पा संध्याकाळी डॉक्टरांकडे जाऊन सुई कशी उकळतात ते बघून आला.

बैलाचं म्हणशील, तर ते खरं आहे. मी लपवलं, कारण दाजी काय म्हणतील ते मला ठाऊक होतं. म्हणून मठातल्या स्वामींना जाऊन विचारलं. ते म्हणाले, जीव राखायला घेतलेल्या औषधाने लिंग बाटत नाही. दाजींना हे वाचून दाखव. पटत नसेल तर स्वामींकडे घेऊन ये, मी गाडी पाठवतो.

आणखी एक सुचतं. तुला लोकांचीच भीती असेल तर लग्न वैशाखापर्यंत कशाला थांबवायचं? पाच माणसांत अक्षता टाकू. पोर माझ्या घरची झाली की तिला सुई टोचायची की काय करायचं, यात पेठेने तोंड घालायचं काम नाही. उद्या म्हणालीस तर उद्या.

फुलं पाठवतो आहे, ती सासऱ्यांची. यंदा कमी मिळाली. तेलुगू विणकरांच्या, पद्मसाळ्यांच्या बायका सणाला फुलांची उतरंड रचतात, तरवडाला त्या तंगेडू म्हणतात, त्यासाठी आतापासूनच माळ धुंडाळत फिरत आहेत. ईरीला काढा दिलास तर मी अडवत नाही. पण त्यावर विसंबून बसू नको. हे मी, तरवड विकणारा माणूस, तुला लिहितो आहे.

अण्णा

•

मंद्रूप,
ता. १४ ऑक्टोबर १९२८

ती. अण्णांस महादेवीचे शरणार्थ.

मागच्या पत्रात मी फार बोलले. वहिनींच्या पाया पडते म्हणून सांगा. त्यांचं बोलणं वाचलं आणि मी चुलीपुढे बसून पोटभर रडले. ईरीलाही वाचून दाखवलं. तिने विचारलं, "म्हंजी मामा न्हाय मोडत लगीन?" मी म्हटलं, नाही, तू लवकर बरी झालीस की लगेच.

आणि अण्णा, ती बरी होते आहे. घटस्थापनेच्या तयारीत घर सारवत होते तेव्हा लक्षात आलं, मोरीत मुंगी नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं, नाही. रोज पाहते आहे. सासरेही येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "बगा, माज्यापरमानंच झालं का न्हाय?" तुमच्या डॉक्टरांना सांगा की तुमच्यापुढे गप्प बसायची पाळी आता त्यांची.

पोरगी शहाणीसुद्धा झाली आहे. पूर्वी हाक मारली तरी उठायची नाही, आता मोरी आपली आपण धुते, कोपऱ्यात हळद टाकते, मला हात लावू देत नाही. हळदीचा डबा आठवड्यात संपवला म्हणून मी ओरडलेसुद्धा. सासरी जायचे दिवस आले की मुली अशाच घर सांभाळू लागतात.

थकवा आहे. दिवसा झोपते, जेवायला उठवावं लागतं, दोन दिवस काही खाल्लं की उलटते. काढा तुरट, पोटाला बाधत असेल. उतार पडताना असं होतं असं हे म्हणतात. तिच्या तोंडाला मात्र छान वास येतो, पिकल्या फळासारखा. लहानपणीसुद्धा तिच्या तोंडाला असाच वास यायचा.

लग्न आत्ता नको, दिवाळीनंतरचा मुहूर्त धरू. सुई टोचायला सून आणली असं कुणी म्हणायला नको. तिला खडखडीत करून तुमच्या ओटीत घालते.

आपली,
महादेवी

•

शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. १६ ऑक्टोबर १९२८

महादेवी,

मुंग्या गेलेल्या नाहीत. हळद टाकली की मुंगी वाट सोडते, हे तुला कुणी सांगायला हवं का? कोपऱ्यात हळद पडते आहे म्हणून तुला मुंगी दिसत नाही. पोरीला ओरडू नको, विचारत बसू नको, आता वेळ नाही.

आणि तो फळाचा वास चांगला नाही. तुझं पत्र घेऊन मी धावत डॉक्टरांकडे गेलो. वासाची ओळ वाचताच ते उभे राहिले. म्हणाले, आजच्या आज आणा.

हे पत्र धुळा धनगराच्या हाती देतो. लोकर विकून तो आत्ता मंद्रूपला निघाला आहे, पळत जाईन म्हणाला. पत्र मिळताच गाडी जुंपा आणि पोरीला घालून निघा. दाजी काही म्हणाले तर त्यांना गावात ठेवून ये. मी इकडून गाडी घेऊन निघतो, सीनेच्या काठी गाठ पडेल. औषध तयार ठेवायला मल्लप्पाला दवाखान्यात बसवलं आहे.

अण्णा

•

शुक्रवार पेठ, सोलापूर,
ता. ७ नोव्हेंबर १९२८

चि. सौ. महादेवीस रुद्रप्पाचा आशीर्वाद.

ईरीला तुमच्या रानात बसवून माती दिली, त्यानंतर तू माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मी निघताना फक्त विचारलंस, "अण्णा, तिला हळद टाकायला कुणी शिकवलं?" मी माहीत नाही म्हणालो. घरच्या कुणावर तू संशय धरून आहेस हे मला दाजींच्या पत्रावरून कळलं. सासऱ्यांच्या विधवा बहिणीशी तू बोलणं टाकलंस, त्या म्हातारीने शेजारच्या घरी मुक्काम हलवला. म्हणून लिहावं लागतं. नाहीतर मी हे माझ्याबरोबरच नेलं असतं.

सीनेच्या काठी तुमची गाडी भेटली तेव्हा ईरी पाणी पाणी करत होती. तांब्या रिकामा होता, तू नदीत उतरलीस. दाजी बैल सोडत होते. मी तिला माझ्या गाडीत उचलून घेतलं. तिला काहीच वजन नव्हतं, महादेवी. तिचा श्वास लांब लांब चालला होता, पण तिने मला ओळखलं. मी विचारलं नव्हतं, तीच म्हणाली, "मामा, हळद मी माज्याच मनानं टाकली. मुंग्या दिसल्या की आई लई रडती. कुनाला न कळता रडती." मग म्हणाली, "मुंग्या न्हाय दिसल्या त्या दिशी ती हसली, म्हनून रोज टाकली." एवढं बोलून दमली. तू पाणी घेऊन आलीस तेव्हा तिने डोळे मिटले होते.

पुढचं तू पाहिलंसच. डॉक्टरांनी सुई दिली, पुन्हा दिली. मल्लप्पाने पाय चोळले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं थांबलं. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, आठ दिवस आधी आली असती तर सांगता आलं असतं. ते वाईट हेतूने बोलले नाहीत. पण मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

दुकान अजून उघडलेलं नाही. लोक दार वाजवतात. कुणाला खोकल्याचं हवं असतं, कुणाला मधुमेहाचं. गुरम्मा त्यांना परत पाठवते.

म्हातारीला घरी आण. तिचा काही दोष नाही. ईरीचाही नाही. तिला तुझं हसू बघायचं होतं.

तुझा,
अण्णा

•

मंद्रूप,
ता. २५ नोव्हेंबर १९२८

ती. अण्णांस महादेवीचे शरणार्थ.

आत्याबाईंना मी जाऊन घेऊन आले. त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. त्या म्हणाल्या, "असूं दे की, पोरीच्या दुःखात मानूस काय बी करतंय." आता त्या माझ्याच खोलीत झोपतात.

तुमचं पत्र मी एकदाच वाचलं, मोठ्याने नाही. मी कुणाला न दिसता रडते असं मला वाटायचं. चुलीला फुंकर घालताना रडायचे, म्हणजे धूर लागला असं वाटावं. तिने ते पाहिलं होतं. पोरीसमोर मी हसले ते तिच्या हळदीवर हसले, हे आता रोज आठवतं. तुम्ही लिहायला नको होतं असं कधी वाटतं. तुम्ही न लिहिता राहिला असतात तर मी आत्याबाईंना मरेपर्यंत छळलं असतं, तेही खरं.

मल्लप्पाचं लग्न लांबवू नका. तो इथे येऊन तिच्या जागेपाशी बसतो, हे बरं नाही. यांनाही ते बघवत नाही. चांगली मुलगी बघा, मी तुमच्यावर रुसणार नाही. अक्षता टाकायला येईन की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

सासऱ्यांनी पहिले काही दिवस काढा नको म्हटलं. "नात गेली आन् म्या म्हातारा औशीद पितुय, लाज न्हाय का मला?" असं म्हणून पेला बाजूला सारायचे. पायाची जखम पुन्हा ओली दिसायला लागली तेव्हा मीच समोर बसून पाजला. आता घेतात. जखम सुकली. परवा बाजारात जाऊन आले.

मला त्यांचा राग येतो, अण्णा. ते कधी मला उणा शब्द बोललेले नाहीत, ईरीला तर खांद्यावर घेऊन फिरायचे. पण सकाळी ते हात पुढे करतात आणि काढा पिऊन तोंड वाकडं करतात, तेव्हा मनात येतं, औषध लागू पडायचं होतं ते म्हाताऱ्यालाच का पडलं. हे मी यांना सांगू शकत नाही, आत्याबाईंना सांगू शकत नाही. देवापुढे बोलायला तोंड नाही. तुम्हाला लिहिते आहे.

गेल्या सोमवारी आमच्या बांधावरचा तरवड मी खणून काढला. हे नको म्हणाले, गडी उभा राहून बघत राहिला, म्हणून मीच कुदळ घेतली. मूळ फार खोल गेलेलं होतं. दुपारपर्यंत खणत होते. फुलं मातीत गेली, पायाखाली गेली, नंतर उचलली नाहीत.

त्यामुळे घरात आता सासऱ्यांपुरतीही फुलं उरली नाहीत. डब्यात तीन-चार दिवसांची असतील. दुकान उघडा आणि पायलीभर वाळकी फुलं पाठवून द्या. धुळा शुक्रवारी सोलापूरला येणार आहे, त्याच्याजवळ दिली तरी पोचतील.

आपली,
महादेवी